तीस हजारांचे तेवीस हजार कसे होतात

महिन्याच्या शेवटच्या तारखेला रात्री साडेनऊला भाचीचा फोन आला. सांगलीची पोरगी, कंप्युटर इंजिनिअर, हिंजवडीत फेज टूमध्ये लागून तिला जेमतेम महिना झाला होता. पहिला पगार जमा झाला असणार, आता पेढ्यांचं विचारावं म्हणून मी तोंड उघडतोय तोवर तीच म्हणाली, "मामा, कंपनीनं माझे सात हजार कापलेत रे. कुणाला विचारू?"

ऑफर लेटरवर वर्षाला ३ लाख ६० हजार लिहिलेलं होतं. बारानं भागलं की तीस हजार. आजीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांना तीस हजार सांगून झालं होतं. खात्यावर आले २३,१७९. घरी निष्कर्षही निघाला होता: इन्कम टॅक्स कापला असणार.

मी या लाइनीत २००७ पासून आहे. सुरुवातीला कोड लिहिला, मग माणसं सांभाळली, आता इंटरव्ह्यू घेतो आणि अप्रेझलच्या, म्हणजे वर्षभराच्या कामाला रेटिंग द्यायच्या मीटिंगांना बसतो. दर पावसाळ्यात नवी बॅच येते आणि गैरसमज तेच घेऊन येते. यात पोरांचा दोष मला फारसा दिसत नाही. कॉलेजात त्यांना चार वर्षं सगळं शिकवतात, फक्त कंपनीत पैसा कुठून येतो आणि कुठे जातो एवढं कुणी सांगत नाही. आणि नोकरीत जे जे विचित्र किंवा अन्यायाचं वाटतं त्यातल्या बऱ्याच गोष्टींच्या मुळाशी असा एखादा साधा हिशोब असतो. तो न्याय्य असतोच असं नाही. पण समजला तर निदान कुणाशी भांडायचं ते तरी कळतं.

आधी ते सात हजार.

ऑफर लेटरवरचा मोठा आकडा म्हणजे सीटीसी. तुम्हाला कामावर ठेवण्यासाठी कंपनीला वर्षाला पडणारा एकूण खर्च. लग्नात केटरर ताटाचा दर सांगतो, त्यात वाढप्यांची मजुरी, गॅस, टेम्पोचं भाडं सगळं आलेलं असतं. पोटात जातं ते त्यातलं जेवण. भाचीला म्हटलं, लेटरचं शेवटचं पान उघड, वर 'अनेक्शर' लिहिलंय ते. तिनं ते पान तोवर वाचलंच नव्हतं. सही मात्र त्याच्यावरही केलेली.

त्या पानावर मूळ पगार, म्हणजे बेसिक, १५,००० होता. घरभाडं भत्ता ६,०००. स्पेशल अलाउन्स ३,९७९. बेरीज २४,९७९. याला ग्रॉस म्हणतात आणि महिन्याचा पगार म्हणून बोलायचा तर हाच आकडा. तीस हजारांतले उरलेले ५,०२१ दर महिन्याला हातात येणार नव्हतेच. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटीपोटी (नोकरी सोडताना मिळायची रक्कम) ७२१, ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता ५०० आणि व्हेरिएबल पे २,०००. हे व्हेरिएबल वर्षाअखेरीस कंपनीची आणि तुमची कामगिरी बघून मिळतं, अर्धं मिळतं, किंवा मिळतच नाही. मग ग्रॉसमधून तिच्या स्वतःच्या वाट्याचा पीएफ १,८०० कापला गेला. राहिले २३,१७९.

तिच्याच बॅचच्या, त्याच पॅकेजच्या मुलाला मात्र २२,९७९ मिळाले. दोनशेचा फरक व्यवसाय कराचा. महाराष्ट्रात पुरुषाचा पगार महिन्याला दहा हजारांच्या वर गेला की २०० रुपये कापतात, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे झाले २,५००. बायकांना २५,००० पर्यंत माफी आहे, एप्रिल २०२३ पासून. पोरगी एकवीस रुपयांनी वाचली. पुढच्या वर्षी पगार वाढला की हे दोनशे जातील, तेव्हा फोन करू नकोस, असं तिला आत्ताच सांगून ठेवलं. इन्कम टॅक्सचा तर इथे संबंधच नव्हता. २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या पद्धतीनं पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत आयकर बसत नाही.

पीएफ कापला म्हणून रडायचं कारण नाही, तो तिचाच पैसा आहे, त्यावर २०२४-२५ सालासाठी ८.२५ टक्के व्याज दिलं गेलं. नोकरी बदलली की हा पैसा काढून मोबाइल घेण्याची प्रथा आहे, ती पाळू नये. यूएएन, म्हणजे आपला पीएफचा नंबर, तोच राहतो, रक्कम नव्या कंपनीकडे वळती करता येते. पाच वर्षांच्या आत काढली आणि ५० हजारांच्या वर असली तर त्यावर टीडीएसही कापतात. ग्रॅच्युइटीची गोष्ट जरा कडू आहे. १९७२ च्या कायद्यानं ती सलग पाच वर्षांच्या नोकरीनंतर मिळायची: प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, तोही महिना सव्वीस दिवसांचा धरून. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ठराविक मुदतीच्या करारावरच्या माणसाला ती एका वर्षानंतर देऊ केली, पण कायम नोकरीवाल्याची पाच वर्षं तशीच राहिली. आयटीतली किती पोरं पहिल्या कंपनीत पाच वर्षं टिकतात? म्हणजे ते ७२१ रुपये पॅकेज फुगवायला कामाला येतात आणि तिसऱ्या वर्षी पोरगं गेलं की कंपनीकडेच राहतात. यात बेकायदा काही नाही. मला मात्र ते कधीच पटलेलं नाही.

तेव्हा ऑफर हातात आली की विचारायचं, "फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती, आणि महिन्याला हातात किती?" असं विचारलं म्हणून कुणी ऑफर काढून घेत नाही. जॉइनिंग बोनस असेल तर तो वर्षाच्या आत सोडल्यास परत द्यायचा असतो, ते कलमही तिथेच बारीक अक्षरात असतं.

बेंच

दुसरा फोन तीन महिन्यांनी. आवाज पडलेला. "ट्रेनिंग संपलं मामा. आता बेंचवर आहे. सकाळी जाते, कार्ड स्वाइप करते, बसते. मी नापास झालेय का?"

पुण्या-बंगळुरातल्या मोठ्या आयटी कंपन्यांमध्ये निम्मी पोरं सुरुवातीला या भीतीतून जातात, म्हणून धंदा कसा चालतो ते जरा सविस्तर सांगतो. या बहुतेक सर्व्हिस कंपन्या आहेत. अमेरिकेतली एखादी बँक किंवा युरोपातली विमा कंपनी आपलं सॉफ्टवेअरचं काम यांना देते आणि बऱ्याचदा माणसामागे तासाचा दर ठरतो. ज्या माणसाचे पैसे ग्राहक देतो तो 'बिलेबल'. ज्याचे देत नाही आणि ज्याला प्रोजेक्टही नाही, तो बेंचवर. एकूण माणसांपैकी किती टक्के बिलेबल आहेत, त्याला युटिलायझेशन म्हणतात, आणि काही मोठ्या कंपन्या दर तिमाहीच्या निकालात तो आकडा जाहीर करतात, इतका तो महत्त्वाचा. शेअर बाजार त्यावर नाक मुरडतो.

मग पगार देऊन माणसं बसवून ठेवायची कशाला? एसटीच्या डेपोत एखादी स्पेअरची गाडी उभी असते, तशीच. ग्राहकानं सही केली की चाळीस माणसं तीन आठवड्यांत हवी असतात, आणि बाजारातून उचलायची तर प्रत्येकाचा नोटीस पीरियड तीन महिन्यांचा. म्हणून काही माणसं हाताशी ठेवतात. त्यात फ्रेशर सगळ्यांत स्वस्त. तेव्हा बेंचवर बसणं हा कुणी दिलेला शेरा नाही. उलट अर्थही लक्षात घ्यावा: मागणी आटली की आधी बेंचकडेच बघतात. २०२२ मध्ये ऑफर लेटर हातात घेऊन वर्षभर घरी थांबलेली मुलं माझ्या माहितीत आहेत. त्यांच्या हुशारीचा त्यात काहीच संबंध नव्हता, तिकडे ग्राहकांनी हात आखडला होता.

मी स्वतः बेंचवर बसलो ते २००९ च्या जानेवारीत. आदल्या सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली होती आणि आमचा प्रोजेक्ट दिवाळीनंतर महिनाभरात बंद पडला. चार महिने. त्या काळात माझं टेबल टेनिस खूप सुधारलं. माझ्याच शेजारी बसणारा नांदेडचा एक पोरगा मात्र रोज सकाळी आरएमजीच्या, म्हणजे माणसांची वाटणी करणाऱ्या विभागाच्या टेबलाशी जाऊन उभा राहायचा. आम्ही त्याला हसायचो. तिसऱ्या आठवड्यात त्याला प्रोजेक्ट मिळाला. त्यांच्या कंप्युटरवर शेकडो नावांची यादी होती, आणि चेहरा माहीत असलेलं नाव एकच.

भाचीला म्हणून एवढंच सांगितलं की रोज उभी राहू नकोस, आठवड्यातून एकदा मेल कर, आणि जावा शिकवलं म्हणून जावाच मिळेल अशी वाट बघू नकोस. टेस्टिंग किंवा सपोर्टचं काम आलं तर ते 'हलकं' म्हणून पोरं नाकारतात. दोनदा नकार दिलेलं नाव पण त्या यादीत लक्षात राहतंच.

समजलं नाही तर

नव्या मुलांचा माझ्या मते सर्वांत महाग गैरसमज: विचारलं तर मठ्ठ ठरू.

माझं पहिलं खरं काम म्हणजे एक रिपोर्ट होता. ग्राहक अमेरिकेतली कपड्यांच्या दुकानांची साखळी. 'या वर्षाची आतापर्यंतची विक्री, दुकानवार.' टीमच्या प्रमुखानं, म्हणजे लीडनं, फोनवर दोन मिनिटांत सांगितलं, मी तीनदा "ओके, ओके" म्हटलं. वर्ष कधी सुरू होतं हे मनात आलं होतं. पण एवढं काय विचारायचं? आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला, अमेरिकेचं बहुधा जानेवारीला, असं ठरवून टाकलं. चार दिवस खपून रिपोर्ट केला. एकही आकडा जुळेना.

त्यांचं वर्ष फेब्रुवारीत सुरू होत होतं. अमेरिकेत दुकानदारीत ही पद्धत आहे. नाताळची विक्री आणि त्यानंतर जानेवारीत परत येणारा माल एकाच वर्षात धरता यावा म्हणून. लीडला सांगितलं तेव्हा तो रागावला नाही. वहीचं पान फाडून त्यानं मांडलं: पहिल्या दिवशी विचारलं असतंस तर माझी दहा मिनिटं गेली असती, आता तुझे चार दिवस गेले, आणि हे चार दिवस ग्राहकाला लावता येत नाहीत. मी ते पान बरेच दिवस ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं.

तेव्हापासून मी कामाचं तोंडी सांगणं झालं की तीन ओळींची मेल टाकतो: मला असं समजलं, यापैकी हे नक्की नाही, अमुक दिवशी देईन. इंग्रजी कच्चं म्हणून बिचकणाऱ्या मराठी माध्यमाच्या पोरांना तर मी हे हमखास सांगतो. तीन ओळींत व्याकरणाची चूक झाली तर कुणी बघत नाही. फर्ड्या इंग्रजीत 'येस, शुअर' म्हणून चौथ्या दिवशी चुकीचं काम आणणारा मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतो. (मीटिंगमध्ये बोलताना अडखळणं वेगळं, ते सहा महिन्यांत जातं.)

यातच एक गमतीची अडचण. आयटीत सगळ्यांना पहिल्या नावानं हाक मारायची. कॉलेजात 'सर' म्हणून सवय झालेल्या मुलीला पंधरा वर्षांनी मोठ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारणं जड जातं. इंग्रजीत निभावतं. मॅनेजर मराठी निघाला की पंचाईत: नाव घेऊन 'तुम्ही' म्हणायचं की 'तू'? भाचीनं त्यावर तोडगा काढलाय, ती त्यांच्याशी मराठीत बोलतच नाही.

रेटिंगच्या बंद खोलीत

कॉलेजात पेपर चांगला गेला तर मार्क पडतात, आणि वर्गात सगळ्यांनाच डिस्टिंक्शन मिळायला हरकत नसते. कंपनीत पगारवाढीची एकूण रक्कम आधी ठरते. ती वाटायची असते, त्यामुळे सगळ्यांना 'उत्तम' म्हणून चालत नाही. हेच बेल कर्व्ह. १९८० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्चनं वरचे २० टक्के, मधले ७०, खालचे १० अशी वाटणी गाजवली आणि जगभरच्या कंपन्यांनी ती उचलली. मायक्रोसॉफ्टनं २०१३ मध्ये अशी सक्तीची उतरंड बंद केली, पुढे आणखी काहींनी केली. पण नाव बदललं तरी पैशाची पिशवी तेवढीच असते, त्यामुळे ओढाताण राहतेच.

ती कशी होते ते सांगतो, कारण नव्या मुलांना ही खोली कधी दिसत नाही. सात-आठ मॅनेजर, एक स्क्रीन, त्यावर साठ नावं. एकेका नावाला दीड-दोन मिनिटं. वरच्या गटात बारा जागा आणि मॅनेजरांनी सुचवलेली नावं वीस. मग प्रत्येकानं आपल्या माणसासाठी बोलायचं. "चांगला मुलगा आहे, कष्टाळू आहे" असं म्हणणाऱ्याचं नाव खाली सरकतं, कारण विसाच्या वीस कष्टाळूच असतात. "हिनं रात्रीचा बॅच जॉब चार तासांवरून पन्नास मिनिटांवर आणला, ग्राहकाची मेल आहे" असं म्हणणाऱ्याचं टिकतं. मी स्वतः एकदा एका गुणी मुलाची जागा घालवली आहे. त्यानं वर्षभर बरंच केलं होतं हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी एकही ठोस गोष्ट आठवेना. तो पुढच्या महिन्यात सोडून गेला. अजून वाईट वाटतं.

म्हणून 'काम बोलतं' असं मी कुणाला सांगत नाही. दर महिन्याअखेरीला चार ओळी लिहून ठेवाव्यात: काय केलं, आधी काय होतं, नंतर काय झालं, कोण काय म्हणालं. आणि अप्रेझलच्या आधी मॅनेजरला पाठवाव्यात. ही बढाई नव्हे. त्याला त्या खोलीत बोलायला शब्द लागतात.

रात्री नऊपर्यंत बसून राहिलं की रेटिंग वाढतं, हा समज आता जरा कमी झालाय. हिंजवडीच्या ट्रॅफिकनं तो कमी केला असावा.

सोडताना

बाँडविषयी, म्हणजे ठराविक वर्षं कंपनी न सोडण्याच्या कराराविषयी, दोन टोकाच्या गोष्टी ऐकू येतात. एक म्हणते बाँड म्हणजे तुरुंग, दुसरी म्हणते नुसता कागद, कोर्टात टिकत नाही. दोन्ही अर्धवट. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम २७ सांगतं की कुणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल. म्हणून 'सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धकाकडे जायचं नाही' असली कलमं सहसा टिकत नाहीत, आणि मनाविरुद्ध कामावर बसवून ठेवता तर येतच नाही. पण 'इतकी वर्षं राहीन, नाहीतर इतके पैसे भरीन' हे प्रकरण वेगळं. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्यानं तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली, करारानुसार दोन लाख भरले आणि ते परत मागायला कोर्टात गेला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बँकेच्या बाजूनं निकाल दिला. अर्थात रक्कम वाजवी हवी. त्याच करार कायद्याच्या कलम ७४ मध्ये भाषा 'वाजवी भरपाई'ची आहे. साडेतीन लाखांच्या पगारावर पाच लाखांचा बाँड पुढे आला तर सही करण्याआधी वकिलाला दाखवावा. आणि मूळ मार्कशीट कुणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नये, कितीही गोड बोलून मागितली तरी.

नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड हाही बिलिंगचाच मामला: ग्राहकाला रिकामी खुर्ची दाखवायची नसते. गंमत म्हणजे हीच कंपनी दुसऱ्या दाराशी 'ताबडतोब रुजू होणारे हवेत' अशी पाटी लावून बसलेली असते. शेवटच्या दिवशी रिलिव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, घेतल्याशिवाय निघू नये. उरलेल्या पगारासाठी महिना-दीड महिना थांबायची सवय सगळ्यांना लागलेली आहे. नव्या वेतन संहितेत नोकरी सुटल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत तो द्यायचा म्हटलंय, हे माहीत असलेलं बरं.

एचआरबद्दल थोडक्यात. ती माणसं तुमची वैरी नसतात आणि मैत्रीणही नसतात, कंपनीनं कंपनीसाठी नेमलेली असतात. महत्त्वाचं बोलणं झालं की मेलवर आणावं. पण लैंगिक छळाची तक्रार हा एचआरच्या मर्जीचा विषय नाही. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रारीची मुदत साधारण तीन महिने. समितीत कोण आहे ते रुजू झाल्या आठवड्यातच बघून ठेवायला सांगितलंय मी भाचीला.

तिला प्रोजेक्ट मिळाला. टेस्टिंगचाच. परवा रविवारी पुन्हा फोन, या वेळी आवाजात खाकरणं, जणू मलाच जाब विचारायचाय. "मामा, पीएफचं पासबुक उघडलंय मी. माझे अठराशे आणि कंपनीचे अठराशे, छत्तीसशे व्हायला हवेत ना दर महिन्याला? कंपनीच्या नावापुढे साडेपाचशेच दिसतायत. बाराशे पन्नास कुठे गेले?"

"तिसरा रकाना बघ."

थोडा वेळ शांतता. "पेन्शन?"

"हं. कंपनीच्या वाट्यातले ८.३३ टक्के तिकडे जातात. पंधरा हजारांवर काढ."

फोनवर कॅल्क्युलेटरचा टकटक आवाज आला. "बाराशे एकोणपन्नास पन्नास," ती म्हणाली. "पन्नास पैसे त्यांनी वर धरलेत."